एक वर्षाच्या मुलीसाठी परवडणारी हायचेअर कोणती घ्यावी?

निशिगंध
आमची मुलगी नुकतीच एक वर्षाची झाली असून तिच्या जेवणासाठी हायचेअर घ्यावी असा विचार आहे. उष्टावण झाल्यावर काही महिने तिला मांडीवर घेऊन नाचणीची पेज आणि मऊ भात भरवला. आता मात्र ती मांडीवर ठरत नाही आणि वाटी-चमचा घेऊन बेडरूमपासून बाल्कनीपर्यंत तिच्यामागे फिरावे लागते.

आम्ही पुण्यात दोन बेडरूमच्या सदनिकेत राहतो. चार खुर्च्यांचे जेवणाचे टेबल आहे, पण त्यावर सकाळचा चहा-नाश्ता तेवढा होतो. रात्री सासू-सासऱ्यांसह आम्ही सगळे खाली बसूनच जेवतो. दुकानांत दीड हजारांपासून बारा हजारांपर्यंतच्या खुर्च्या पाहिल्या. पाठ मागे झुकणारी, चाके असलेली, उंची कमी-जास्त होणारी, गादीची, खेळणी टांगलेली, असे इतके प्रकार विक्रेत्याने दाखवले की घरी परतताना डोके चालेना. आमची मर्यादा तीन हजारांची आहे. यांतले खरोखर उपयोगाचे काय आणि नुसते किंमत वाढवणारे काय, ते वापरलेल्यांनी सांगावे. जागा कमी आहे, हेही लक्षात घ्यावे.

डोंगरवाट
आमच्याकडे आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीची ‘अँटिलॉप’ ही हायचेअर आहे आणि तीन हजारांच्या आत मी तरी दुसरीकडे पाहणार नाही. प्लास्टिकचे एकसंध आसन, लोखंडी नळ्यांचे चार पाय, कमरेचा पट्टा आणि वर बसणारा ट्रे, एवढाच तिचा संसार आहे. ट्रेसह दोन हजारांच्या आतबाहेर मिळते. ट्रे आणि खुर्ची वेगवेगळी विकली जात असल्याने मागवताना दोन्ही घेतल्याची खात्री करा. नवी मुंबईचे दालन डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाले, त्यामुळे आपल्याला आता हैदराबादवरून मागवावे लागत नाही.

उणिवाही सांगतो. पाय बाहेरच्या बाजूला बरेच फाकलेले असल्याने खुर्ची सहसा उलटत नाही, पण अरुंद स्वयंपाकघरात येता-जाता आपली करंगळी हमखास तिला अडकते. ट्रे इतका घट्ट बसतो की काढताना दोन्ही हात आणि थोडा संताप लागतो. पाय ठेवायला काहीही नाही. ती घडी होत नाही; पाय काढता येतात, पण रोज कोण काढणार? वजनाची मर्यादा १५ किलो आहे, म्हणजे साधारण तीन-साडेतीन वर्षांपर्यंत चिंता नाही.

सातारकर आजोबा
आमच्या घरात चार मुले आणि सहा नातवंडे पाटावर बसून जेवायला शिकली. मूल आपल्या ताटाशेजारी बसवावे, त्याच्यापुढे लहान वाटीत वरण-भात ठेवावा आणि आपण आपले जेवावे; पाहून पाहून ते खायला लागते. जेवायला बसलेल्या माणसांपेक्षा दोन हात उंचावर एका पोराला बांधून ठेवायचे आणि सगळ्यांनी माना वर करून त्याला भरवायचे, हा प्रकार मला तरी समजलेला नाही. तीन हजारांत चांगले तूप किती येईल याचा हिशेब करा.

कढीलिंब
आजोबा, तुपाच्या हिशेबाला माझे पूर्ण अनुमोदन आहे, परंतु तुमच्या त्या पंगतीत पळणाऱ्या पोराला धरून आणायला दोन काकू, एक आत्या आणि एक मोठी चुलत बहीण असणार. आमच्या घरी संध्याकाळी सातला मी आणि ती, अशा दोघीच असतो.

सातारकर आजोबा
हे मात्र खरे आहे. आत्या दोन होत्या.

अनघा_मिरज
मी व्यवसायोपचार तज्ज्ञ असून लहान मुलांच्या खाण्याच्या अडचणींवर काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. हायचेअर विकत घेताना लोक गादी, चाके आणि रंग पाहतात. मी सर्वांत आधी मुलाचे पाय कुठे टेकतात ते पाहते. मोठ्या माणसाने उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून पूर्ण जेवण करून पाहावे. थोड्याच वेळात आपण चुळबुळ करू लागतो, एक पाय दांडीवर चढवतो, पुढे वाकतो. लहान मुलाचेही तसेच होते, फक्त त्याला ते सांगता येत नाही. धडाला खालून आधार मिळाला नाही की तोल सांभाळण्यातच त्याची शक्ती जाते आणि हाताने घास उचलणे, तो तोंडापर्यंत नेणे, चावणे या कामांसाठी आवश्यक असलेली स्थिरता उरत नाही. ‘आमचे मूल खुर्चीत पाच मिनिटेही बसत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या पालकांना मी प्रथम पायांखाली काहीतरी द्यायला सांगते.

बसणे असे असावे की नितंब, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात येतील. आसन फार खोल असेल तर गुडघा कडेपर्यंत पोहोचत नाही, पाय सरळ पुढे राहतात आणि मूल मागे रेलून घसरते; अशा वेळी पाठीमागे टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवावी. ट्रे मुलाच्या छातीच्या खाली, कोपर सहज टेकेल इतक्या उंचीवर हवा. तो गळ्याशी येत असेल तर मूल वाटीत काय आहे ते पाहू शकत नाही.

पाठ झुकवण्याची सोय तुम्हाला नको. आधाराशिवाय बसणाऱ्या मुलाने ताठ बसूनच खावे. रेललेल्या अवस्थेत घास घशात जाऊन अडकण्याचा धोका वाढतो. त्या सोयीसाठी जादा पैसे देऊ नयेत.

डोंगरवाट
अनघाताई, आमच्या खुर्चीला पाय टेकवण्याची सोय नाही हे मी लिहिलेच होते, पण ती इतकी महत्त्वाची असेल असे वाटले नव्हते. त्या खुर्चीच्या पायांवर अडकवायच्या लाकडी पट्ट्या वेगळ्या मिळतात, आजच शोधतो.

अनघा_मिरज
पट्टी मिळेपर्यंत खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना रुंद इलॅस्टिक ताणून बांधले तरी काही काळ भागते. लाकडी पट्टी घेतलीत तर तिची उंची बदलता येते का ते पाहा, कारण मूल वाढते आणि पट्टी तिथेच राहते. नॉर्वेतल्या पीटर ऑप्सविक यांनी १९७२ मध्ये ‘ट्रिप ट्रॅप’ ही खुर्ची काढली, ती याच विचारावर बेतलेली आहे. आसनाची फळी आणि पायांची फळी दोन्ही वर-खाली सरकवता येतात, म्हणून मूल मोठ्यांच्या टेबलाशी बसते आणि पायही टेकतात. तिची किंमत या धाग्याच्या मर्यादेत कुठेही बसत नाही, परंतु स्वस्त खुर्ची निवडतानाही तत्त्व तेच लावावे.

सुतारपक्षी
मग सुताराकडून करून घ्यायला काय हरकत आहे? सांगलीत आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी सागवानी खुर्ची करून दिली, पायांच्या फळीसाठी तीन खाचाही पाडल्या. दोन मुलांनी वापरली, आता भाचीकडे गेली आहे. खर्च तीन हजारांच्या थोडा वर गेला, पण वस्तू पिढीभर टिकेल.

राईनकाठ
सुतारपक्षी यांच्या मिस्त्रींचे कौशल्य मान्य करून थोडी शंका मांडतो. उंच खुर्चीत लाकूड चांगले असणे पुरेसे नसते. पायांचा पाया आसनापेक्षा किती रुंद आहे, मुलाने मागे जोर दिला तर ती कलंडते का, मूल ट्रेखालून सरकणार नाही यासाठी दोन पायांच्या मध्ये खुंटी आहे का, या गोष्टी तपासूनच बाजारातली चांगली खुर्ची बाहेर येते. इकडे जर्मनीत खोक्यावर युरोपीय मानक ईएन १४९८८ लिहिलेले आहे का ते आम्ही पाहतो. अमेरिकेत एएसटीएम एफ४०४ या मानकावर आधारलेला नियम २०१९ पासून सक्तीचा आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या काही खुर्च्यांवरही यांपैकी एखादा क्रमांक छापलेला असतो. मिस्त्रींकडून करून घेतलीत तर निदान पट्टा बसवण्याच्या पक्क्या जागा आणि मधली खुंटी आवर्जून सांगा.

सुतारपक्षी
मधली खुंटी आहे. पट्टा मात्र नंतर चांभाराकडून लावून घेतला होता, हे मान्य करतो. तो पट्टा खुर्चीपेक्षा मजबूत निघाला.

जास्वंद
आयएसआय चिन्ह पाहायचे नाही का?

राईनकाठ
१ जानेवारी २०२१ पासून भारतात ते चिन्ह खेळण्यांना सक्तीचे झाले. खुर्चीला टांगलेल्या खुळखुळ्याला ते असू शकते. त्यावरून खुर्ची सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढू नये.

पुरणपोळी_पार्सल
सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर पट्ट्याबद्दल लिहिते. कमरेभोवती आणि पायांच्या मधून जाणारा तो तीन बिंदूंचा पट्टा. खांद्यांवरूनही जाणारा तो पाच बिंदूंचा. एक वर्षाचे मूल उभे राहायला शिकलेले असते आणि ते कौशल्य दाखवण्यासाठी त्याला खुर्चीइतके उत्तम व्यासपीठ सापडत नाही. पाच बिंदूंचा पट्टा असेल तर बरे. तीन बिंदूंचा असेल तर तो प्रत्येक वेळी, दोन घासांचे खाणे असले तरी, लावलाच पाहिजे. ट्रे लावला म्हणजे मूल बांधले गेले, असे पुष्कळांना वाटते. ट्रे ताट ठेवण्यासाठी असतो, मूल अडवण्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट जागेची. खुर्ची टेबलाला किंवा भिंतीला इतकी चिकटवू नये की मूल पाय लावून स्वतःला मागे ढकलेल. ओट्याजवळ तर ठेवूच नये. आपल्या मापाने जो कुकरचा दांडा लांब वाटतो, तो खुर्चीत बसलेल्या मुलाच्या बरोबर हाताशी येतो. चाकांची खुर्ची लहान घरात मला अनावश्यक वाटते. घ्यायचीच असेल तर चारही चाकांना खटका हवा.

कढीलिंब
आता सर्वांत महत्त्वाच्या आणि कोणीही न बोललेल्या विषयाकडे वळू या. धुणार कोण? दुकानात दिसणारी ती गुबगुबीत गादी, तिची शिवण, तिच्या कडेची पायपिंग, पट्टा जिथून बाहेर येतो ती भोके, या सर्व ठिकाणी मऊ भात जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी तो सिमेंटसारखा घट्ट होतो. आमच्याकडे गादीची खुर्ची भेट म्हणून आली होती. पहिल्या आठवड्यानंतर गादी काढून ठेवली आणि आतल्या उघड्या प्लास्टिकवर मुलगा आनंदाने बसू लागला. त्यामुळे माझा निकष एकच आहे: खुर्ची न्हाणीघरात नेऊन तिच्यावर तांब्याने पाणी ओतता आले पाहिजे.

जास्वंद
पांढऱ्या ट्रेवर हळदीचे डाग पडतात, त्याचे काय करावे?

कढीलिंब
साबणाने धुऊन ट्रे ओला असतानाच कडक उन्हात ठेवावा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. एक-दोन दुपारींत डाग फिका पडतो. घासणीने खरवडू नये, कारण चरे पडले की पुढचा डाग त्यांत जाऊन बसतो. पट्टे सुटे होत असतील तर रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत घालावेत.

माळावरचा_मोर
आमची खुर्ची अतिशय उपयुक्त ठरली. मुलगा त्यात बसला नाही, पण इस्त्रीला द्यायचे कपडे ठेवण्यासाठी तिच्याइतकी योग्य उंची घरातल्या कोणत्याही फर्निचरला नाही.

डोंगरवाट
मोरसाहेब, पायांखाली पट्टी लावून पाहा, कपडे अधिक वेळ बसतील.

रेवातीर
निशिगंध, तुमच्या घराचे वर्णन वाचून मला हायचेअरपेक्षा बूस्टर सीट योग्य वाटते. प्लास्टिकचे ठेंगणे आसन असते, त्याला काढता येणारा ट्रे आणि पट्टा असतो; खालचे पट्टे मोठ्या खुर्चीला बांधले की मूल टेबलाशी येते आणि सोडून जमिनीवर ठेवले की तीच छोटी खुर्ची होते. बऱ्याच कंपन्यांच्या अशा सीट दीड ते अडीच हजारांत मिळतात, ट्रे पोटात घालून घडी होते आणि गावी जाताना गाडीच्या डिकीत मावते. आम्ही नाशिकला सासरी नेतो.

मात्र कोणत्याही खुर्चीला ती बांधू नये. एकावर एक रचून ठेवायच्या प्लास्टिकच्या खुर्च्या हलक्या आणि लवचीक असतात. त्यांना बांधल्यास सगळेच कलंडू शकते. चार पायांची, जड, सपाट आसनाची लाकडी खुर्ची हवी आणि तिच्यावरची सैल गादी आधी काढावी. मागचा पट्टा पाठीला वळसा घालून जाईल इतका लांब आहे का, हे घरून खुर्चीचे माप नेऊनच पाहावे.

टेबलाच्या कडेला अडकवायची लोंबती खुर्चीही मिळते, ती मला आवडत नाही. काचेचे टेबल, मधोमध एकच खांब असलेले टेबल किंवा वर मेणकापड अंथरलेले टेबल यांवर ती अजिबात लावू नये, आणि आपल्याकडची निम्मी टेबले यांतच मोडतात.

अनघा_मिरज
रेवातीर यांच्या सूचनेत माझ्या दृष्टीने एक मोठा फायदा दडलेला आहे. मोठ्या खुर्चीवर बांधल्यावर पायांचा प्रश्न उरतोच. त्या खुर्चीच्या आसनावर पाऊल टेकले तर ठीक, नाहीतर खाली काहीतरी द्यावे लागते. पण तेच आसन जमिनीवर ठेवले आणि त्याची उंची मुलाच्या गुडघ्याइतकी असली, तर पाय आपोआप जमिनीवर सपाट टेकतात. त्यासाठी वेगळी पट्टी नको, आणि पडलेच तर उंचावरून पडणे नाही. घरातली माणसे खाली बसून जेवत असतील तर मूल त्यांच्या नजरेच्या पातळीवर येते, त्यांचे चावणे पाहते आणि त्यांच्या ताटातले मागते. खाणे शिकण्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगली व्यवस्था मी सुचवू शकणार नाही.

सातारकर आजोबा
म्हणजे दोन आत्यांची जागा पट्ट्याने घेतली. बाकी आमचा पाटच की हा. तज्ज्ञांच्या तोंडून ऐकून बरे वाटले.

अनघा_मिरज
आजोबा, मी पाटाच्या विरुद्ध कधीच नव्हते. फक्त पाटावर मांडी घालून बसलेले एक वर्षाचे मूल पुढे झुकून तोल सांभाळते आणि चटकन उठूनही जाते. पाठीला आधार आणि पायांना जमीन मिळाली की त्याचे दोन्ही हात जेवायला मोकळे होतात.

पुरणपोळी_पार्सल
जमिनीवर असली तरी मुलाला एकटे सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नये, एवढे मात्र जोडते. घास अडकल्यावर मूल आवाज करेलच असे नाही. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे या वयात नकोत. द्राक्षे उभी चिरून द्यावीत.

माळावरचा_मोर
आणि भ्रमणध्वनी दाखवून भरवण्याविषयी कोणी बोलणार आहे का?

कढीलिंब
त्यासाठी कृपया स्वतंत्र धागा काढावा. इथे सुरू केलेत तर निशिगंध यांची मुलगी शाळेत जाईपर्यंत खुर्ची ठरणार नाही.

वापरलेले_बरे
नवीनच घ्यायची असे ठरवले आहे का? ही वस्तू दोन-अडीच वर्षांत अडगळीत जाते, त्यामुळे सोसायटीच्या गटावर ‘कोणाकडे आहे का’ एवढे विचारले तरी निम्म्या किमतीत किंवा फुकटही मिळते. घेताना बक्कल लावून जोरात ओढून पाहावे, प्लास्टिकला सांध्यांपाशी चीर नाही ना ते उन्हात धरून पाहावे, घडीचा खटका अर्धवट लागत नाही ना ते तपासावे. पट्टा गहाळ असेल तर खुर्ची घेऊ नये, कितीही स्वस्त असली तरी.

निशिगंध
सर्वांचे मनापासून आभार. रात्रीच्या जेवणाला आम्ही खाली बसतो हे मी मूळ लेखनात केवळ माहिती म्हणून लिहिले होते; त्यावरच निवड ठरेल असे वाटले नव्हते. उंच खुर्चीचा विचार आता सोडला असून ट्रे असलेली ठेंगणी सीट घेण्याचे ठरवले आहे. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. आजोबांचे प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावले.

दोन शंका उरल्या आहेत. जमिनीवर ठेवलेली सीट मुलगी पायांनी मागे सरकवत नेईल का? आणि आमच्या टेबलाच्या खुर्च्यांच्या पाठी उंच व नक्षीच्या आहेत, तिथे पट्टा घट्ट बसेल का?

रेवातीर
सरकते, विशेषतः गुळगुळीत फरशीवर. खालच्या चार टोकांना रबर आहे का ते पाहा. नसेल तर योगाभ्यासाच्या जुन्या चटईचा तुकडा खाली अंथरा, सांडलेले पुसायलाही सोपे जाते. सतरंजी नको, ती सीटबरोबरच सरकते. नक्षीच्या पाठीवर पट्टा वरून न घेता नक्षीच्या खालच्या आडव्या दांडीला वळसा घालून घ्यावा, आणि बांधून झाल्यावर मुलीला बसवण्यापूर्वी सीट दोन्ही हातांनी मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावी. हलली तर टेबलाशी नाश्ता मांडीवरच द्यावा.

राईनकाठ
वजनाची मर्यादाही पाहून घ्या. काही सीटवर ती जमिनीसाठी आणि खुर्चीवर बांधण्यासाठी वेगवेगळी दिलेली असते.

दुहेरी_धमाल
धागा वाचून फार माहिती मिळाली. आमच्याकडे जुळी मुले आहेत, आठ महिन्यांची. एकच घ्यावी आणि आळीपाळीने भरवावे, की दोन घ्याव्यात?

कढीलिंब
दोन घ्या, आणि दोन्ही एकाच रंगाच्या घ्या. रंग वेगळे असतील तर पुढची दोन वर्षे दोघांनाही दुसऱ्याचीच खुर्ची हवी असेल.

अनघा_मिरज
आठ महिन्यांची आहेत तर आधी दोघेही हाताचा टेकू न घेता किती वेळ बसतात ते पाहा. जुळ्यांमध्ये एक जण मागे असणे स्वाभाविक आहे. जो बसतो त्याच्यासाठी आता घ्या, दुसऱ्याला काही आठवडे मांडीवर भरवा आणि मग दुसरी मागवा.